किनाऱ्यावरून वीज, पण कुठली?

'समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मना किनाऱ्यावरून केबलने वीज द्या, उत्सर्जनाचा प्रश्न मिटला,' असं काही जण म्हणतात. इतकं सोपं नाही हो! प्लॅटफॉर्मवर वायू जाळून वीज बनवणारे गॅस टर्बाइन बंद होतील, हे खरं. नॉर्वेने आपल्या ट्रोल-ए या वायू प्लॅटफॉर्मला 1996 पासून अशीच वीज दिली, पण त्यांची वीज मुख्यत्वे पाण्यावरची. मी नागपूरचा, गच्चीवर गेलं की कोराडीच्या कोळसा वीजकेंद्राच्या चिमण्या समोरच. असल्या कोळशाच्या विजेवर समुद्रातलं मुंबई हाय तेलक्षेत्र चालवलं, तर धूर फक्त समुद्रातून विदर्भात येईल.

नॉर्वेकडून उचलायचंच तर कर उचला. 1991 मध्ये त्यांनी समुद्रातल्या उत्पादनावरही कार्बन कर लावला. त्यांच्या स्लाइपनर या समुद्री वायूक्षेत्राच्या वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त. तो वेगळा काढून हवेत सोडला की कर. मग 1996 पासून कंपनीने वर्षाला सुमारे 10 लाख टन समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात पुरायला सुरुवात केली. उपदेशाने हे झालं नसतं, खिशाला चाट बसली म्हणून झालं.

आणि मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक? फ्लेअरची, म्हणजे नकोसा वायू जाळण्याची, ज्वाला निदान दिसते, न जळता सुटलेला वायू दिसतही नाही. 20 वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट तापदायक. गळती मोजणं सक्तीचं करा, केबलचं नंतर बघू.