कोविडच्या दुसऱ्या लाटेत राहिलेले बाळांच्या लसींचे डोस: पुन्हा पहिल्यापासून की पुढून?

गटप्रवर्तक_आर्णी
एप्रिल-मे 2021 मध्ये आमच्याकडची गावातली लसीकरण सत्रं बंद होती, सिस्टर कोविड लसीकरणात. आता यादी काढली तर तीन प्रकारची मुलं आहेत. (१) साडेचार महिन्यांचं बाळ, दीड महिन्याचे डोस झाले, पुढचं काहीच नाही. (२) 11 महिन्यांची मुलगी, पेंटा (पाच आजारांची एकत्र लस) तिन्ही झाले, एमआर (गोवर-रुबेलाची लस) राहिला. (३) वीटभट्टीवरून परत आलेलं कुटुंब, पोरगं 14 महिन्यांचं, घरीच जन्मलेलं, एकही लस नाही. आशाताई विचारतात, पुन्हा पहिल्यापासून द्यायचं काय?

पीएचसी_एमओ
ताई, पहिल्यापासून कोणालाच नाही. दोन डोसमधलं अंतर वाढलं तरी झालेला डोस वाया जात नाही. कमी मात्र चालत नाही, किमान 4 आठवडे हवेत.

साडेचार महिन्यांच्या बाळाला येत्या सत्रात पेंटा-2, पोलिओ थेंब-2, रोटा-2 (रोटा म्हणजे जुलाबाच्या विषाणूवरची लस). चार आठवड्यांनी तिसरे डोस, त्याच दिवशी आयपीव्हीचा (पोलिओची सुई) दुसरा. मुलीला एमआर-1 आणि अ जीवनसत्त्व 1 मिली (1 लाख युनिट) लगेच द्या. उशीर इथेच महागात पडतो, गोवर पसरायला वेळ लावत नाही.

14 महिन्यांच्या मुलाचं नीट बघा. वर्ष उलटल्यावर बीसीजी (क्षयाची लस) देत नाही, रोटा आणि पेंटाही नव्याने सुरू करत नाही. पेंटाऐवजी डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) तीन डोस, 4-4 आठवड्यांनी, सोबत पोलिओ थेंब. पहिल्याच भेटीत डीपीटी-1, पोलिओ, एमआर-1 आणि अ जीवनसत्त्व, सगळं एकाच दिवशी चालतं. पालक 'एवढ्या सुया एकदम काहून?' म्हणतील, पण भट्टीवरचं कुटुंब पुढच्या महिन्यात गावात असेलच असं नाही. एमआर-2 दीड वर्षानंतर, डीपीटी बूस्टर तिसऱ्या डोसनंतर किमान 6 महिन्यांनी.

एक गफलत नेहमी होते: वर्षाच्या आत पेंटाचा एक जरी डोस झाला असेल, तर वर्षानंतरही उरलेले डोस पेंटाचेच. म्हणून कार्ड बघितल्याशिवाय डीपीटीवर जाऊ नका. कार्ड हरवलं असेल तर उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये शोधा.

एएनएम_उपकेंद्र
एमआरची कुपी एका मुलासाठीही फोडायची. 'पाच-सहा जमू द्या' म्हणून मुलं परत पाठवली की ती पुन्हा येत नाहीत. फोडल्यावर कुपीवर वेळ लिहा, 4 तासांनी टाकून द्या. बीसीजीलाही तेच. पेंटा, डीपीटी, पोलिओची उघडलेली कुपी नीट ठेवली तर 28 दिवस चालते, त्यात वाया जाण्याची भीती नाही.

अंगणवाडी बंद असेल तर शाळेचा व्हरांडा बरा, हवा खेळती राहते. आशाताईंनी आदल्या दिवशी घरोघरी वेळ सांगावी, तासाला चार-पाच बाळं, सोबत एकच मोठं माणूस. लस दिल्यावर अर्धा तास थांबवायचंच, म्हणून बसायची सावलीची जागा वेगळी. घरात कोविडचा रुग्ण असेल तर विलगीकरण संपेपर्यंत थांबा, पण नाव यादीतून काढू नका.

शीतसाखळी_वाला
सगळे डोसचं बोलले, बर्फाचं कोणी नाही. आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून तसेच कॅरिअरमध्ये (लस न्यायचा थंड डबा) टाकले तर पेंटा-डीपीटी गोठते, आणि गोठलेली लस कामाची नाही. पॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच चार पॅक भरा. उन्हाळ्यात घाई होते नि इथेच चुकतं.

एमआरचा डायल्युएंट (लसीच्या पुडीत मिसळायचं द्रावण) आदल्या दिवसापासून आयएलआरमध्ये (लसी ठेवायचा फ्रिज) हवा, कोमट डायल्युएंट लस मारतो. व्हीव्हीएम (उष्णता लागली का ते दाखवणारी कुपीवरची खूण) बघताना आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा, सारखा किंवा गडद झाला तर कुपी बाजूला.

त्याच दिवशी कोविडचंही सत्र असेल तर टेबल वेगळं, कॅरिअर वेगळा. सिरिंज मात्र दोन्हीकडे 0.5 मिलीचीच लागते, ती मोजून घ्या. आयपीव्हीला 0.1 मिलीची वेगळी.

गटप्रवर्तक_आर्णी
सर, 14 महिन्यांच्या मुलाला थोडी सर्दी आहे, आजी नको म्हणते.

पीएचसी_एमओ
नुसत्या साध्या सर्दीला लस थांबवत नाही. पण ताप-खोकला असेल, किंवा घरात आणखी कोणी आजारी असेल, तर आधी तपासणीला आणा. आजीला हेही सांगा: डीपीटीनंतर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज येऊ शकते, पॅरासिटामॉल सिस्टर वजन बघून सांगतील. सुईच्या जागी शेक किंवा मालिश नाही. पुढची तारीख कार्डावर पेनाने लिहून द्या, आणि कुटुंब बाहेरगावी निघालं तर कार्ड सोबत न्यायला लावा, तिथल्या उपकेंद्रात पुढचा डोस मिळतो.