तीन वर्षांच्या पोरीने डुंबायचं कुठे?

ओलीपावलं (धागाकर्ता)

धागा जरा रागातच काढतोय, सांभाळून घ्या.

लेक तीन वर्षांची. बादली, टब, पावसाचं डबकं, जिथे पाणी दिसेल तिथे बसकण मारते. म्हटलं, घरात फरशी पुसत बसण्यापेक्षा हिला खऱ्या तलावावर नेऊ. सार्वजनिक तरण तलावाच्या फाटकावरच पाटी: चार फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना प्रवेश नाही. आत डोकावलो तर कडेला बाळांसाठी बांधलेला छोटा तलावही दिसला. कोरडा ठणठणीत. फरश्या उखडलेल्या, आत मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. "तो बंद असतो," खिडकीतला माणूस म्हणाला. कधीपासून? "असतोच बंद."

माझं म्हणणं असं, की तरण तलाव बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच माणूस असतो, शर्यतीत पोहणारा. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, दोन मीटर खोल, पाणी २५ ते २८ अंश. हे सगळं स्पर्धेचं माप झालं. त्या पाण्यात सपासप हात मारणाऱ्याचं अंग तापतं, पण पायरीवर बसून पाणी उडवणाऱ्या पोराचे ओठ बघता बघता निळे पडतात. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, आणि लहान मुलाची कातडी वजनाच्या मानाने जास्त. त्याला ३० अंशांच्या वरचं पाणी लागतं.

मागणी काही मोठी नाही. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाण्याचा वेगळा तलाव, वर छप्पर, आणि कपडे बदलायला अशी एक खोली जिथे बाप मुलीला घेऊन जाऊ शकेल. आज मी हिचे कपडे बदलू कुठे? पुरुषांच्या खोलीत? की ओळखीची बाई शोधत फिरू?

वॉटर पार्क आहेत, ठाऊक आहे. पण ती सहल झाली. मला मंगळवारी संध्याकाळी जायचंय.

पहाटपोहणारा

लेकीला शुभेच्छा, मागणीला विरोध.

वीस वर्षं रोज पोहतोय. या वीस वर्षांत माझ्या वेळेतून काय काय गेलं ते सांगतो. आधी शिकाऊंची बॅच आली, मग उन्हाळी शिबिर, मग स्पर्धकांचा सराव. उरलेल्या तासात दोन रांगांत आम्ही पंधराजण एकमेकांच्या टाचा धरून पोहतो. आता 'कुटुंबाची वेळ' म्हणून आणखी दोन तास काढा. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचं, कबूल. पण प्रत्येक वेळी 'सगळ्यांचं' म्हणताना नियमित पोहणाऱ्याच्याच ताटातलं का उचलायचं?

आणि एक अप्रिय गोष्ट. लहान मुलं पाण्यात शू करतात. मोठेही करतात म्हणा, पण त्यांना निदान लाज असते.

ओलीपावलं

पहाटपोहणारा, मी वेगळा तलाव मागतोय हो. तुमच्या रांगांत माझी पोर कशाला येईल? तो खड्डा बांधून तयार आहे, फक्त त्यातल्या खुर्च्या काढायच्या आहेत.

क्लोरीनवाला

"फक्त खुर्च्या काढायच्या" हे वाचून हसू आलं. तलावाच्या पंपघरात मी अकरा वर्षं काढलीत, म्हणून चार शब्द.

मोठा तलाव सांभाळणं सोपं, बाळांचा अवघड. मोठ्यात पंचवीस लाख लिटर पाणी असतं. त्यात चार माणसं घाण करून गेली तरी पाणी पचवतं. बाळांच्या तलावात पाणी पातळ चादरीएवढं, त्यात वीस पोरं, वर ऊन. सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं. मोठ्या तलावाचं पाणी गाळणीतून एकदा फिरायला चार-सहा तास लागले तरी चालतं. बाळांचं पाणी अर्ध्या-एक तासात फिरायला हवं. म्हणजे त्याला स्वतःचा पंप आणि स्वतःची गाळणी पाहिजे. बऱ्याच ठिकाणी मोठ्याच्या नळालाच एक फाटा काढून बाळांचा तलाव जोडतात. मग तिकडची घाण इकडे, आणि एका पोराच्या जुलाबापायी दोन्ही तलाव बंद.

हो, जुलाब. क्लोरीन टाकलं म्हणजे सगळं मेलं, हा गैरसमज काढून टाका. ई-कोलाय हा शीतून येणारा जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यात मिनिटभरही टिकत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू त्याच पाण्यात सात दिवसांहून जास्त जगतो. घट्ट शी झाली तर ती काढा, क्लोरीन वाढवा, अर्ध्या तासात तलाव पुन्हा उघडता येतो. पातळ झाली तर अमेरिकेतल्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, हिशोब आहे: क्लोरीन २० पीपीएमवर (दहा लाख भाग पाण्यात वीस भाग) नेऊन पावणेतेरा तास ठेवा. रोजचं प्रमाण एक ते तीन पीपीएम असतं, यावरून अंदाज घ्या. पोहायचे डायपर मिळतात ते घट्ट शी जेमतेम अडवतात, पातळ अजिबात नाही.

जाता जाता, तलावावर नाकाला झोंबणारा वास येतो त्याला लोक 'क्लोरीन जास्त झालं' म्हणतात. उलट आहे. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिळून क्लोरामाइन होतं, वास त्याचा. डोळेही त्यानेच लाल होतात. चांगल्या तलावाला वास जवळजवळ नसतो.

मी विरोधात नाही. पण वेगळी गाळणी नसेल तर त्या खुर्च्या तिथेच बऱ्या.

शंकासुर

मला वेगळीच शंका आहे. एवढं सगळं करून साधायचं काय?

'मुलांना लहानपणापासून पाण्याची सवय हवी, म्हणजे बुडणार नाहीत' हे वाक्य या धाग्यावर आता कोणीतरी टाकणारच, म्हणून आधीच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची. आता याच संघटनेचा उपाय पाहा. पोहायला शिकवणं ती सुचवते ते सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याखालच्यांसाठी सुचवते पाण्यापासून लांब सुरक्षित जागा, म्हणजे पाळणाघर, आणि पाण्याभोवती कुंपण. बांगलादेशात हे करून पाहिलंय. तिथे मुलं बुडतात ती घराजवळच्या तळ्यात, सकाळच्या वेळी, आई कामात असताना. गावागावात त्या वेळेपुरती पाळणाघरं चालवली आणि मृत्यू खूप खाली आले.

तीन वर्षांच्या मुलाला तलावावर नेऊन त्याची भीती घालवणं म्हणजे नुसती भीतीच घालवणं. पोहणं येत नाही, भीती गेलेली असते. यापेक्षा धोकादायक मिश्रण सांगा.

दोघांची_आई

शंकासुर, ते वाक्य मी टाकणार नव्हते, पण आता तुमच्यासाठी टाकते.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आधी चार वर्षांखाली पोहण्याचे वर्ग नकोत अशी भूमिका घेतली होती. २०१० मध्ये ती सैल केली, आणि २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षापासून पुढे बऱ्याच मुलांना फायदा होऊ शकतो. कारण मधल्या काळात, २००९ मध्ये, एक अभ्यास आला: एक ते चार वर्षांच्या मुलांत रीतसर वर्ग केलेल्यांचा बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी. भीती गेल्यामुळे जास्त बुडाली, असं काही दिसलं नाही.

पण खरं सांगू? मी आकड्यांसाठी जात नाही. मला जायचंय कारण संध्याकाळी पोरांना घेऊन कुठे जावं हा प्रश्न असतो. बाग झाली, घसरगुंडी झाली. पाण्यात आईबाप आणि पोरं एकाच खेळात असतात. बागेत मी बाकावर असते आणि मोबाइल बघते, पाण्यात बघूच शकत नाही.

शंकासुर

तो ८८ टक्क्यांचा अभ्यास मीही वाचलाय. नमुना छोटा होता. ८८ हा मधला अंदाज, खरी मर्यादा ३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत. ३ टक्केही असू शकतं! एवढ्या रुंद दारातून हत्ती जाईल.

दोघांची_आई

जाऊ दे की हत्ती. धोका वाढत नाही एवढं कळलं तरी माझं काम झालं.

पहाटपोहणारा

"पाण्यात मोबाइल बघूच शकत नाही." बाई, तुम्ही कोणत्या तलावावर जाता? आमच्याकडे शिकाऊ बॅचचे पालक काठावर पाय सोडून बसतात, मान खाली. पोरगं मधे गटांगळ्या खातंय. दोन वेळा मी हाताला धरून मुलं बाहेर काढलीत. दोन्ही वेळा आई किंवा बाप तीन पावलांवर होते. मला 'थँक्यू काका' म्हणाले आणि परत स्क्रीनवर.

दोघांची_आई

यावर मात्र तुमच्याशी सहमत, आणि स्वतःचंच सांगते. धाकटा अडीच वर्षांचा असताना गुडघाभर पाण्यात माझ्या शेजारी उभा होता. मी मोठ्याचा चष्मा घट्ट करत होते. वळून पाहिलं तर धाकटा पालथा. हातपाय आपटणं नाही, ओरडणं नाही, काहीच आवाज नाही. तोंड पाण्यात असलेलं मूल हाक मारणार कशी? उचलला, खोकला, रडला, आणि पाच मिनिटांत परत पाण्यात जायचं म्हणून हट्ट. माझे पाय मात्र रात्रीपर्यंत कापत होते.

तेव्हापासून एकच नियम, हात लांब केला की मूल हाताला लागलं पाहिजे. दंडाला लावायचे फुगे आणि ट्यूब यांवर माझा काडीचा विश्वास नाही. हवा गेली की संपलं.

शंकासुर

हे तुम्ही तुमच्या बाजूने लिहिलंत की माझ्या?

दोघांची_आई

दोन्ही. गंमत म्हणजे यानंतरही मला तो तलाव हवाच आहे.

कोरडाशंख

एवढा वाद कशाला? जमिनीतून उडणारी कारंजी करा. पाणी साचतच नाही, मुलं नुसती पळतात आणि भिजतात. बुडायचा प्रश्न नाही, खोली नाही, जीवरक्षकही लागत नाही. कपड्यांसकट या आणि कपड्यांसकट जा, म्हणजे धागाकर्त्याच्या खोलीचा प्रश्नही सुटला.

क्लोरीनवाला

पाणी वर साचत नाही, खाली टाकीत साचतं. तेच पाणी फिरून पुन्हा उडतं, पोरांच्या अंगावरून आणि डायपरमधून धुऊन आलेलं. आणि पोरं कारंज्याला तोंड लावून पितात, हे कोणत्याही पालकाला विचारा. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका उद्यानात अशाच कारंज्यांमुळे हजारो लोकांना त्याच क्रिप्टोस्पोरिडियमचे जुलाब झाले. त्यानंतर तिथे अतिनील दिव्यांनी पाणी शुद्ध करणं सक्तीचं झालं. कारंजी चांगलीच आहेत, पण 'काहीच लागत नाही' असं म्हणू नका. पंपघर लागतंच. लोकांना फक्त निळी फरशी दिसते.

आणि उथळ तलावाची आणखी एक गोष्ट कोणी बोललं नाही: तळातली जाळी. पाणी ओढणारं एकच तोंड असेल आणि जाळी तुटलेली असेल, तर त्यावर बसलेलं मूल किंवा त्याचे केस असे धरले जातात की मोठ्या माणसालाही ओढून काढता येत नाही. असे मृत्यू झाले म्हणून अमेरिकेत २००७ मध्ये खास कायदा करावा लागला. कोणत्याही बाळांच्या तलावावर गेलात तर आधी खाली वाकून जाळी बघा. पाण्याचा रंग नंतर.

काठावरची

इतका वेळ नुसती वाचत होते. कपडे बदलायच्या खोलीबद्दल बोलायचंय.

आमच्याकडे महिलांचा एक तास आहे. त्यात आया मुलांना आणतात. मुलगे सुद्धा, सहा-सात वर्षांचे. त्या एका तासासाठी आठवडाभर वाट पाहणाऱ्या बायका आहेत, कोणी पहिल्यांदाच पोहण्याचा पोशाख घालतंय. समोर सात वर्षांचा मुलगा टक लावून बघत उभा असतो. मुलाचा दोष नाही, आईचाही नाही, तिला दुसरी वेळच नाही. पण भुर्दंड कोणाला पडतो?

म्हणून मी कुटुंबाच्या वेळेच्या बाजूने आहे, पण कारण उलटं. ती झाली तर आमचा तास आमचा राहील. आणि धागाकर्ते, बाप-लेकीची खोली म्हणजे चार दारं आणि आतून कडी, एवढंच असतं. यासाठी नवीन इमारत लागत नाही. मोठ्या हॉलऐवजी छोट्या बंद खोल्या केल्या की पुरुष, बाई, बाळ, म्हातारी आजी आणि तिला धरून आणणारा नातू, सगळ्यांचंच भागतं.

ओलीपावलं

काठावरची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या दाराशीच अडकलो होतो.

क्लोरीनवाला, तुमचं वाचून काल परत गेलो. विचारलं, बाळांच्या तलावाची गाळणी वेगळी आहे का? खिडकीतला माणूस म्हणाला, आहे, पण मोटर मोठ्या तलावाला लावलीय. म्हणजे गाळणी आहे, मोटर नाही, आणि मधे खुर्च्या. लेखी अर्ज द्यायचा विचार आहे: मोटर, तळाची जाळी, छप्पर आणि चार दारं. पाणी तापवायचं नंतर बघू. दुपारच्या उन्हाने उथळ पाणी तसंही कोमट होतं.

क्लोरीनवाला

छप्पर टाकल्यावर ऊन कुठून येणार? एक काहीतरी ठरवा. आणि अर्जात आणखी एक ओळ घाला: क्लोरीन आणि पीएच (पाण्याची आम्लता) दर दोन तासांनी मोजून फळ्यावर लिहावं, पालकांना दिसेल असं. पीएच ७.२ ते ७.८. फळा कोरा असेल त्या दिवशी पोरीला घरी न्या.

शंकासुर

माझा विरोध नोंदवून ठेवा. आणि फळ्यावर जीवरक्षकाचीही हजेरी लिहा. खोल तलावाच्या जीवरक्षकाने 'अधूनमधून तिकडेही लक्ष ठेवावं' असं लिहून आणाल तर मी उलटा अर्ज देईन.

पहाटपोहणारा

वेगळी मोटर आणि वेगळा जीवरक्षक असेल तर अर्जावर माझी सही धरा. सकाळी सहा ते आठ या वेळेला मात्र हात लावायचा नाही, हेही त्याच अर्जात लिहा.

ओलीपावलं

सहा ते आठ माझी लेक झोपलेली असते.