मदत हवी आहे: यात्रेत अमळनेरच्या जुन्या गावात गाडी कुठपर्यंत जाते?

पिंपळपान:
नमस्कार, जरा अर्जंट आहे. यात्रेला अमळनेरला यायचंय, जुन्या गावात. गाडी कुठपर्यंत नेता येते आणि लावायची कुठे, एवढंच हवंय. मॅपवर गल्ल्या दिसतात पण त्या दिवशी उघड्या असतात की बंद ते कुठेच कळत नाही. लॉजवाल्याला फोन केला तर म्हणे या तुम्ही, होऊन जाईल. अशा बोलण्यावर निघता येत नाही हो. गावातलं कोणी असेल तर प्लीज आजच सांगा, उद्या ऑफिसात सुट्टी टाकायचीय.

बोरीकाठ:
भाऊ, यात्रेला म्हणजे नेमकं कोणत्या दिवशी? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ध्वज लागतो, तिथून आठ दिवसांनी एकादशीला रथ, मग पौर्णिमेला पालखी, आणि नदीच्या पात्रातली दुकानं-पाळणे तर पुढेही चालू असतात. रथाच्या रात्री वाडीकडे, म्हणजे सखाराम महाराजांच्या संस्थानाकडे, सायकल शिरत नाही. मधल्या दिवशी सकाळी या, गाडी बरीच आतपर्यंत जाते. कुठून येताय, गाडी कोणती, किती जण? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

केळीवाला_रावेर:
माझं ऐका, रथ बघायचा तर कार्तिकात या. थंडी असते, वांगी असतात, भरीत-पुरी मिळते, कळण्याची भाकरी मिळते. वैशाखात ४३-४४ डिग्रीत माणूस भाजून निघतो. आम्ही दरवर्षी कार्तिकी एकादशीला जातो, लॉज पण सहज मिळतो.

बोरीकाठ:
दादा, तो जळगावचा रथ. श्रीरामाचा, १८७२ पासूनचा. हे विचारताहेत अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेचं, रथात लालजींची मूर्ती असते तो. दोन्ही रथ, दोन्ही एकादशीला, म्हणून बाहेरच्यांचा घोळ होतो, पण तुम्ही तर रावेरचे.

केळीवाला_रावेर:
मला फरक माहितीये. मी फक्त चांगला सीझन कोणता ते सांगितलं.

पिंपळपान:
रथाच्याच दिवशी यायचंय. पुण्याहून, चार जण, गाडी मोठी आहे सात सीटची. भरताचं नंतर बघू. पार्किंग??

तापीलाईन:
गाडी आणूच नका. पुण्याहून जळगावपर्यंत रेल्वेने या, तिथून सुरत लाइनची गाडी पकडा, धरणगाव गेलं की अमळनेर. स्टेशनवरून रिक्षा. मी पंचवीस वर्षं ह्या लाइनवर अपडाऊन केलंय, यात्रेत गाडी आणणारा माणूस अर्धी रात्र गाडीच शोधत फिरतो.

धुळेकर_संजू:
जळगावला उतरून परत मागे यायचं म्हणजे उलटा घास. पुण्याहून सरळ धुळे, धुळ्याहून अमळनेर पस्तीस-छत्तीस किलोमीटर. रस्त्यानेच या. गाडी धुळ्यात नातेवाइकांकडे ठेवा आणि एसटीने पुढे.

तापीलाईन:
धुळ्यात त्यांचे नातेवाईक आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि यात्रेच्या एसटीत चार जणांना एकत्र जागा मिळाली तर मला कळवा. उभ्यानेच यावं लागतं, तेही उन्हात.

धुळेकर_संजू:
रेल्वेत तरी कुठे बसायला मिळतं यात्रेला? तुमच्या काळातलं सोडा.

चोपडा_रोड:
मंगळग्रह मंदिर नक्की करा, आमच्या चोपडा रोडवरच आहे. फक्त मंगळवार टाळा, लांबून लांबून लोक येतात, खूप गर्दी होते.

सातपुडा_७२:
एवढ्या लांबून येताच आहात तर फक्त रथ बघून जाऊ नका, मनापासून सांगतो. आमचं अमळनेर लहान असलं तरी शिक्षणाचं गाव आहे. श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ ला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, साने गुरुजी आधी तिथेच आले, मग १९२४ ते १९३० हायस्कूलला शिकवलं, वसतिगृहाची मुलं सांभाळली, मुलांसाठी हाताने लिहून छात्रालय दैनिक काढलं आणि १९३० ला नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. कॉलेज १९४५ चं. त्याच वर्षी डिसेंबरात विप्रो इथे सुरू झाली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. २०२४ ला ९७ वं साहित्य संमेलन पण इथेच झालं. लोक येतात, रथासमोर सेल्फी काढतात आणि जातात, ह्याचं फार वाईट वाटतं.

केळीवाला_रावेर:
विप्रोचे शेअर ज्यांनी तेव्हा घेऊन ठेवले त्यांच्या नातवंडांचं पण भलं झालं. आमच्या काकांनी घेतले नाहीत, केळीत पैसा घातला.

पिंपळपान:
अहो शेअर, साने गुरुजी सगळं ठीक आहे, मला फक्त वाडीच्या जवळात जवळ कुठे गाडी थांबेल तेवढं सांगा. आणि तिथून खुर्ची नेता येईल का?

मायमाहेर:
खुर्ची? कसली खुर्ची? बरोबर कोण आहे तुमच्या? तीनदा वाचला धागा, कुठेच लिहिलेलं नाही. वय काय, चालता येतं का, रात्रभर बसवेल का? हे आधी सांगायचं असतं हो, नुसतं पार्किंग पार्किंग काय.

पिंपळपान:
आई. लिहायचं राहिलं, मला वाटलं यात काय सांगायचं. ७३ वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत, सपाट रस्त्यावर पाचेक मिनिटं चालते, मग बसावं लागतं. प्रताप कॉलेजात होती १९७१ ते ७४, मावशीकडे राहायची, दगडी दरवाजाच्या आतल्या बाजूला एका गल्लीत. मावशी गेली, घर विकलं, त्यानंतर ती अमळनेरला गेलीच नाही. आता दोन महिन्यांपासून एकच चाललंय की ओट्यावर बसून एकदा रथ जाताना बघायचाय. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी अडसर, लावली की रथ कसा कचकन थांबायचा, आणि तेवढ्या वेळात सगळ्या ओट्यांवरच्या बाया कशा हात जोडून उभ्या राहायच्या, ते जेवताना पण सांगते. डॉक्टरांनी गर्दीत नेऊ नका म्हटलंय. म्हणून गाडी जितकी आत जाईल तितकी न्यायचीय.

मायमाहेर:
मग प्रश्न पार्किंगचा नाहीच. ओट्याचा आहे.

तापीलाईन:
गुडघे असे असतील तर रेल्वेचं मी मागे घेतो. जळगावचा जिना चढायला लावू नका त्यांना. धुळ्यावरून गाडीनेच या.

बोरीकाठ:
आता नीट सांगतो, लक्ष देऊन वाचा. संध्याकाळी रथ निघताना आईंना अजिबात आणू नका. वाडीसमोर पाय ठेवायला जागा नसते, दोराला हात लावायला पोरं अंगावरून जातात, आणि सात सीटची गाडी तुम्हाला लांबच सोडावी लागेल. रथ रात्रभर गावात फिरतो, पहाटे परतीला लागतो. बाहेरगावची माणसं बारा-एकपर्यंत थकून निघून जातात. दुपारीच गावात या, लॉजवर झोपवा त्यांना, आणि साडेतीन-चारला उठवून गावाच्या कडेपर्यंत गाडीने आणा. पुढे माझ्याकडे मोटरसायकल आहे, पण गुडघे वाकत नसतील तर तिच्यावर नको, एक ओळखीचा रिक्षावाला सांगून ठेवतो, पहाटे पोलीस रिक्षाला थोडं पुढे येऊ देतात. गारवा पण असतो तेव्हा. माझी आजी शेवटची तीन वर्षं अशीच पहाटे बघायची.

सातपुडा_७२:
हे एकदम बरोबर. मी मघाशी उगाच लांबण लावली. कॉलेजात पण न्या त्यांना, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत, नंतर ऊन सोसणार नाही. १९७१ ची बॅच म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या बरोबरच्या असतील.

धुळेकर_संजू:
पहाटे किती वाजता कुठे येईल ह्याचा भरवसा नसतो पण. एका वर्षी आम्ही चारपासून थांबलो आणि उजाडल्यावर आला.

बोरीकाठ:
म्हणून तर रस्त्यावर उभं राहायचं नाही, ओट्यावर बसायचं. उशीर झाला तर झाला.

दगडीदरवाजा:
धागा आत्ता बघितला. आमनं घर तथंच शे, दरवाजाच्या आत, रथ समोरूनच जातो. ओटा शे, दोनच पायऱ्या शेतस, वर खाट टाकतो आम्ही घरच्या म्हाताऱ्यांसाठी. आईले ली या. संडास पण खालीच आहे, वर चढायचं काम नाही. मावशींचं आडनाव आणि गल्ली व्यनि (खाजगी मेसेज) करा, आमच्या बाबांना विचारतो, ते तेव्हाचे सगळे शेजारी ओळखतात.

पिंपळपान:
काय बोलू कळत नाहीये. व्यनि केलाय. आईला अजून सांगितलं नाही, आधी तुमच्या बाबांचं उत्तर येऊ द्या. सुट्टी मात्र आत्ताच टाकतो, दोन दिवसांची.

मायमाहेर:
तीन दिवसांची टाका. रात्रभराच्या जागरणानंतर दुसऱ्याच दिवशी पुण्यापर्यंत बसवू नका त्यांना.

दगडीदरवाजा:
व्यनि मिळाला. बाबा म्हणता, मावशीबाईंचं घर आमच्यापासून चौथं. आता तिथे दुसरे लोक राहतात, पण ओटा तोच आहे, त्यांना विचारून ठेवतो. आईंना एकादशीचा उपास असतो का तेवढं सांगा, भगर आणि दाण्याची आमटी असते आमच्याकडे.

पिंपळपान:
असतो. आणि हो, तिखट कमी.