आपल्याच तालुक्यात काम करणारा कौटुंबिक न्यास: पैसा कुठे घातला तर भूमिहीनांच्या घरापर्यंत पोचेल?

वणाकाठ (प्रश्न)

हिंगणघाट तालुक्यातल्या एका कौटुंबिक सार्वजनिक न्यासाच्या पुढच्या तीन वर्षांच्या कामाची आखणी चालू आहे. ठेवींवर वर्षाला साधारण ४० लाख रुपये मिळतात. न्यासपत्रात ग्रामीण उपजीविका हा उद्देश स्पष्ट लिहिलेला आहे. एकाच नाल्याच्या पाणलोटातली सहा गावं निवडली आहेत. जमीन काळी, पिकं कापूस, सोयाबीन, तूर. जवळपास निम्मी घरं भूमिहीन, नाहीतर मक्त्याने, म्हणजे भाड्याने, वावर करणारी.

विश्वस्तांचा कल पहिल्या वर्षी नाला खोलीकरणाकडे आहे. काम डोळ्यांना दिसतं, गावही खूश होतं. पण नाल्याचं पाणी नाल्याकाठच्या विहिरींनाच लागणार. मग बाकीच्यांचं काय? सरकारी योजना असताना न्यासाने नेमकी कुठली जागा भरावी? पैसा अनुदान म्हणून द्यावा की परत घेऊन फिरवावा? आणि कायद्यात यातलं काय बसतं? अनुभवी मंडळींनी आकड्यांसह सांगावं ही विनंती.

धुऱ्यावरून

नमुना तुमच्याच जिल्ह्यात आहे. कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशन वर्धा आणि राजस्थानातला सीकर, या दोन जिल्ह्यांत पाण्याचं काम करतं. एक जमनालालजींची कर्मभूमी, दुसरी जन्मभूमी. नदी-नाल्यांचं पुनरुज्जीवन, सामूहिक विहिरी, उपसा सिंचन अशी कामं गावची समिती करून आणि लोकवाटा घेऊन होतात. छोट्या न्यासाने यातून घ्यायचा तो क्रम: आधी समिती, मग लोकवाटा, त्यानंतर मशीन. हा क्रम उलटला की पोकलेन गावात उभी राहते आणि लोकवाटा कागदावरच राहतो.

लोकवाटा घरटी सारखा लावू नका. ज्याची विहीर नाल्यापासून जवळ त्याचा वाटा जास्त, एकरी हिशेबाने. भूमिहीनाकडून पाण्याच्या कामासाठी एक रुपयाही घेऊ नये, त्याला त्या पाण्यातून काहीच मिळणार नसतं. रक्कम समितीच्या बँक खात्यात जमा झाल्यावरच कामाचा आदेश द्या.

खोलीकरणाबद्दल चार गोष्टी. ३ मीटरपेक्षा खोल जाऊ नका आणि खालचा कठीण खडक फोडू नका. तो फुटला तर धरलेलं पाणी तिथूनच निसटतं. काळ्या मातीचे काठ उभे कापले तर पहिल्याच पुरात ढासळतात, म्हणून एक मीटर खोलीला दीड मीटर तरी उतार ठेवा. निघालेली माती काठावर ढीग घालून ठेवू नका, ती परत नाल्यात येते. त्याच आठवड्यात हलक्या वावरांत पसरवून घ्या. आणि नाला सलग खणत नेऊ नका. मधेमधे न खणलेले पट्टे सोडले तर डोह तयार होतात, पाणी थांबतं. सलग खणलेला नाला म्हणजे पाणी लवकर वाहून नेणारी गटार.

मशीनच्या तासांची नोंद समितीच्या दोघांनी रोज सहीने करावी. बिलातली गडबड बहुधा इथेच होते.

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी एकतृतीयांशापेक्षा जास्त रक्कम नाल्यात घालू नका. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा जमनालालजींनी मगनवाडीची जागा दिली ती तेलघाणी, हातकागद, मधमाशा अशा कामांसाठी. जमीन नसलेल्याच्या हाताला काम, हा विचार या मातीत तेव्हापासून आहे.

पाणीपाळी

नाल्यातून वाचलेल्या पैशाचा एक भाग सामूहिक विहिरींत घाला, पण विहिरीआधी करार करा. आकडे असे:

६ मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर पाण्याला साधारण २८ हजार लिटर साठतात. रात्रीतून ३ मीटर पाणी भरत असेल तर दिवसाला ८५ हजार लिटर मिळाले. पाटाने एक एकर भिजवायला, ५ सेंटिमीटर पाणी धरलं तरी, २ लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकराला अडीच दिवस. चार घरांची पाळी दहा दिवसांनी येणार, ती सुद्धा एकेकाच एकरासाठी. ठिबकवर रोजची ५ मिलिमीटर गरज धरली तर एकराला २० हजार लिटर, म्हणजे चारही घरांचा एकेक एकर रोज भिजतो. ठिबक नसेल तर सामूहिक विहीर भांडणाचं घर होते, हे लिहून ठेवा.

भांडण दुसऱ्या ठिकाणीही होतं. विहीर एकाच्या सातबाऱ्यावर असते. तीन-चार वर्षांनी तो किंवा त्याचा मुलगा म्हणतो, विहीर माझी. नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या करारावर (महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० रुपयांचा लागतो) भिस्त ठेवू नका. विहिरीतला हिस्सा, तिच्यापर्यंतची वाट आणि पाइपलाइनची वाट यांचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, मग फेरफार घालून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद घ्या. फेरफार मंजूर झाल्याचा उतारा हातात आल्याशिवाय खोदाईचा दुसरा हप्ता सोडायचा नाही. एवढी एक अट पाळली तरी निम्मे तंटे टळतात.

वीजजोडणी कोणाच्या नावावर, बिल कसं वाटायचं, मोटर जळली तर कोणी किती द्यायचं, हेही त्याच दस्तात हवं. मोटर ऐन कापसाला पाणी लागतं तेव्हाच जळते आणि पैसे कोणाकडेच नसतात. दर एकरी ठरावीक रक्कम दुरुस्ती खात्यात आधीच जमा करून घ्या.

चारपैकी एक घर मक्त्याने करणाऱ्याचं घेता येतं. मूळ मालकाकडून किमान पाच वर्षांचा लेखी भाडेकरार मिळाला तरच घ्या, नाहीतर पाणी आल्याबरोबर मालक वावर परत मागतो.

ताळेबंद

कायद्याची बाजू. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, म्हणून इथे क्रमांक देत नाही. तत्त्वं तीच आहेत.

वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के उद्देशावर खर्च व्हायला हवं. तुमच्या ४० लाखांत ते ३४ लाख. खर्च प्रत्यक्ष दिला तेव्हाच धरतात, नुसतं मंजूर करून उपयोग नाही. खोदाईचा हंगाम फेब्रुवारी ते मे आणि ३१ मार्च बरोबर त्याच्या मधोमध येतो. त्यामुळे घाईघाईने आगाऊ बिलं फाडण्याचा मोह होतो. तसं करू नका. ठरावीक कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम राखून ठेवता येते. त्याचा ठराव आणि फॉर्म मुदतीत गेला पाहिजे, एवढंच.

दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला देणगी दिली तर २०२३ च्या वित्त कायद्यापासून तिच्यातले ८५ टक्केच तुमचा खर्च म्हणून धरतात. कायम निधीसाठी दिलेली देणगी तर मुळीच धरत नाहीत. म्हणून शक्य तिथे स्वतः खर्च करा, गटांशी करार करून, कामाच्या टप्प्याने. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली तर तो खर्च जातो. जेसीबीवाला रोख मागेल. त्याला बँकेतूनच द्या.

शेतकरी उत्पादक कंपनीचे भाग न्यासाच्या पैशातून घेऊ नका. कायद्याने ठरवून दिलेल्या गुंतवणुकीच्या प्रकारांत ते बसत नाहीत आणि करसवलत अडचणीत येते. कंपनीला भांडवल हवं असेल तर केंद्राच्या दहा हजार उत्पादक संघांच्या योजनेत सभासदाच्या भागाइतकंच अनुदान मिळतं, शेतकऱ्यामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत.

परतीच्या पैशाबद्दल: शैक्षणिक कर्ज-शिष्यवृत्तीसाठी प्राप्तिकर विभागाचं १९७३ चं परिपत्रक आहे. देताना खर्च, परत येईल त्या वर्षी उत्पन्न. तीच मांडणी इथे ठेवा. व्याज लावू नका. लावलं की महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चा प्रश्न उभा राहू शकतो.

आणि स्वतःच्या मुलखात काम करणाऱ्या न्यासाचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे भावकी. विश्वस्ताच्या, मोठ्या देणगीदाराच्या किंवा त्यांच्या नातलगाच्या वावराला थेट लाभ झाला तर कायद्याने ते बाधतं. नाल्याचा पट्टा निवडण्याआधी दोन्ही काठांचे सातबारे काढा, नात्यातली नावं तपासा आणि त्या पट्ट्याच्या ठरावात संबंधित विश्वस्त बसू नये. इतिवृत्तात तसं लिहा.

बचतगट_वही

वर पाण्यावर बरंच आलं. मी निम्म्या घरांकडे वळते.

योजनांची अडचण पैशाची तेवढी नाही, जेवढी पैसा मागाहून येण्याची आहे. ठिबकला अल्पभूधारकाला राज्याच्या पूरक अनुदानासह ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतं, पण आधी पूर्वसंमती, मग संच बसवा, बिल चढवा, मोका तपासणी (जागेवर येऊन पाहणी), त्यानंतर खात्यात रक्कम. तोवर पूर्ण बिल शेतकऱ्याने भरायचं. ज्याच्याजवळ ते नाही तो अर्जच करत नाही, म्हणून अनुदान ऐपत असलेल्याकडे जातं. न्यासाने भरायची जागा हीच: पूर्वसंमती पाहून विक्रेत्याला थेट रक्कम द्यायची, अनुदान आलं की ती परत घ्यायची. त्याच रुपयात दोन-तीन वर्षांत दोन-तीन घरं होतात. विधवा आणि एकट्या बायांच्या नावे सातबारा असेल तर त्यांना रांगेत पुढे घ्या. नसेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव चढवता येतं, त्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालायला माणूस द्या. एका माणसाचा वर्षाचा पगार हा सुद्धा उपजीविकेवरचाच खर्च आहे.

भूमिहीनांसाठी शेळ्या म्हटलं की सगळे बाजारात धावतात. एका दिवशी बाजारातून शंभर शेळ्या आणल्या तर त्यांच्यासोबत पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग) पण येतो आणि महिन्याभरात गोठे रिकामे होतात. आसपासच्या गावांतून चार-पाच खेपांत घ्या, तीन आठवडे वेगळ्या बांधा, पीपीआरची लस आणि जंतनाशक झाल्यावरच वाटप करा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी. गावात उमेदची (राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाची) पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं शिकलेली बाई, असेल तर तिलाच फेरीमागे मानधन द्या. घरामागे दोन शेळ्या पुरे. परतफेड पैशात घेण्याऐवजी दोन पाटी (तरण्या शेळ्या) पुढच्या घराला. ग्रामसंघाच्या (गावातल्या बचतगटांच्या संघाच्या) वहीत कोणाची पाट कोणाकडे गेली याची नोंद हवी.

इथे एक चूक हमखास होते. तोच न्यास हिरवळीसाठी ई-क्लास जमिनीला (गावच्या सरकारी गायरानाला) तारेचं कुंपण घालून झाडं लावतो. गावातल्या शेळ्या तिथेच चरत असतात. म्हणजे एका हाताने शेळी दिली, दुसऱ्या हाताने चराई बंद केली. आधी ग्रामसभेत चराईचे पट्टे ठरवा, एका वेळी एकतृतीयांशच बंद ठेवा, कापून नेण्याच्या गवताचा हक्क भूमिहीन घरांना लेखी द्या.

बायांच्या गटाला दाल मिल द्यायचा विचार पुढेमागे येईलच. यंत्राला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, १० लाखांपर्यंत अनुदान २०२५-२६ पर्यंत ठरलेलं होतं. अडतं ते खेळत्या भांडवलावर. दिवसाला ८ क्विंटल तूर भरडायची आणि भाव समजा ७,००० धरला, तर रोज ५६ हजारांची तूर लागते. दुकानदार पंधरा दिवसांनी पैसे देतो. म्हणजे ८ लाखांवर रक्कम कायम बाजारात अडकलेली. ती नसेल तर गट सीझनमध्ये तूर घेऊ शकत नाही आणि यंत्र धूळ खातं. तेव्हा यंत्र योजनेतून, आणि तूर साठवायचा पैसा न्यासाकडून. सुरुवात लोकांची तूर मजुरीने भरडून देण्यापासून करा. त्यात भांडवल अडकत नाही आणि बायांचा हात बसतो.

वणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सातबारे काढण्याचं काम लगेच हाती घेतो. एकच शंका: ठिबकचं अनुदान खात्यात आल्यावर बँकेने ते जुन्या पीककर्जात वळतं केलं तर न्यासाचे पैसे परत कसे येणार?

बचतगट_वही

हे खरंच होतं, आणि त्यावर उपाय आधीच करावा लागतो. अनुदान अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. म्हणून विक्रेत्याला पैसे देण्याआधी शेतकऱ्याचं आधार कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे ते पाहा. ते थकीत कर्जाच्याच बँकेत असेल तर दुसऱ्या बँकेत बचत खातं उघडून आधार तिकडे जोडून घ्या. बँकेत फॉर्म भरून द्यावा लागतो. बदल दिसायला काही दिवस जातात, म्हणून पुन्हा तपासून मगच पुढे जा. परतफेडीची जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर न ठेवता पाच घरांच्या गटावर ठेवा. गटाने मासिक बैठकीत थकबाकी मोठ्याने वाचून दाखवायची.

एवढं करूनही एखाद्याची रक्कम कर्जात गेलीच, तर त्याला संच काढून न्या म्हणू नका. त्याचं कर्ज तेवढं कमी झालं आहे. बँकेकडून जमा-पावती घ्या आणि दोन हंगामांच्या हप्त्यांत, कापूस निघाल्यावर, परतफेड बांधून द्या.