विंडोज १० वरून ११ वर गेल्याने नक्की फायदा काय? ऑफिसात तीन पीसी आहेत

सातपूर_जॉबवर्क:
सातपूर एमआयडीसीत वर्कशॉप आहे. ऑफिसात तीन पीसी, तिन्हींवर विंडोज १०.
पहिला: आय३-८१००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. टॅली आणि जीएसटीचं डीएससी (डिजिटल सही) टोकन यावरच.
दुसरा: आय३-४१३०, मेल आणि कोटेशनपुरता.
तिसरा: ३२-बिट विंडोज, डोंगलवर (लायसन्सच्या यूएसबी किल्लीवर) चालणारं लेबलं छापायचं जुनं मराठी सॉफ्टवेअर.
दुकानदार म्हणतो ११ टाका, मशीन पळेल. खरंच?

बायोस_भाऊ:
पळणार नाही. हार्ड डिस्कवर ११ हे १० पेक्षा जडच वाटतं. वेग हवा असेल तर आधी एमजी रोडवरून २५६ किंवा ५१२ जीबीचा साटा एसएसडी आणा, जुनी डिस्क त्यावर क्लोन करा (जशीच्या तशी उतरवा), मग ११ चा विचार करा.

खरा फायदा सुरक्षेचा. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यानंतर सापडणारी भोकं तशीच उघडी राहतात, आणि बँकेचं लॉगिन व डीएससी ज्या मशीनवर आहे तिथे हे परवडत नाही. जादा मुदतीत सुरक्षा अपडेट देणारी घरगुती वापराची ईएसयू योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. डोमेनला (कंपनीच्या सर्व्हरला) जोडलेल्या मशीनला ती मिळत नाही.

तुमचा पहिला पीसी नियमात बसतो, आय३-८१०० आठव्या पिढीचा आहे. ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) आणि सिक्युअर बूट लागतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘पीटीटी’, म्हणजे इंटेलचं अंगचं टीपीएम, चालू केलं की टीपीएम दिसू लागतं.

पंचवटी_हार्डवेअर:
भाऊंच्या म्हणण्यात एक भर. असेंबल्ड पीसीवर विंडोज बहुतेक वेळा एमबीआर (जुन्या पद्धतीच्या मांडणीच्या) डिस्कवर, लेगसी म्हणजे यूईएफआयच्या आधीच्या मोडमध्ये टाकलेलं असतं. तसं असताना कुणी आधी बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी मोड चालू ठेवणारी सेटिंग) बंद केलं, की मशीन बूटच होत नाही आणि ‘विंडोज उडालं’ म्हणून फॉरमॅट मारला जातो. उडालेलं काही नसतं, सीएसएम परत चालू करा. क्रम असा: बॅकअप, मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमबीआर२जीपीटी’ (डिस्क यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी मांडणीत बदलणारी कमांड) आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्ट (दोन्ही वेळा ‘अलाऊ फुल ओएस’ जोडून), आणि त्यानंतरच सीएसएम बंद. डी, ई ड्राइव्ह लॉजिकल पार्टिशनमध्ये असतील तर व्हॅलिडेशन फेल होतं. त्यातला डेटा बाहेर काढून ती पार्टिशनं उडवावी लागतात.

बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर अपग्रेडला बसूच नका, लाइट मध्येच गेली तर रात्र जाईल.

सातपूर_जॉबवर्क:
टोकन आणि टॅलीला काही होईल का?

बायोस_भाऊ:
टॅलीचा डेटा फोल्डर आणि लायसन्सचा तपशील आधी बाहेर घ्या, एवढं पुरे. टोकनचा मात्र ड्रायव्हर बघा. विंडोज सिक्युरिटी → डिव्हाइस सिक्युरिटी → कोअर आयसोलेशन → मेमरी इंटिग्रिटी. न जुळणारे जुने ड्रायव्हर तिथे नावानिशी दिसतात. टोकनचा ड्रायव्हर त्यात असेल तर कंपनीच्या साइटवरून नवा टाका. जीएसटीच्या २० तारखेच्या आठवड्यात हा उद्योग करू नका.

जमलं नाही तर १० दिवसांत ‘गो बॅक’ करता येतं, म्हणून तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ साफ करायचं नाही.

पंचवटी_हार्डवेअर:
तिसऱ्या पीसीचं वेगळं. विंडोज ११ ३२-बिटमध्ये येतच नाही, त्यामुळे ‘अपग्रेड’ नाही, ६४-बिट नव्याने टाकावं लागेल. मग १६-बिट प्रोग्राम चालणार नाहीत, आणि डोंगलचा ६४-बिट ड्रायव्हर नसेल तर सगळंच बंद. त्याची लॅन वायर काढून टाका आणि लेबलांपुरताच ठेवा. पेनड्राइव्ह लावाल तो आधी पहिल्या पीसीवर स्कॅन करून.

दुसरा चौथ्या पिढीचा, नियमात बसत नाही. त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) खटपट करून ११ बसेल, पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हाताने टाकावी लागेल. मेल-कोटेशनला विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून प्रिंटर ओळखतो का ते बघा.