मदत हवी आहे: रानडुकरांचा त्रास, ठासणीची बंदूक आणि मेलेल्या डुकराचं मांस

मळेकार:
नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या पलीकडे, म्हादई अभयारण्याच्या हद्दीला जवळ म्हणता येईल अशा गावात आमचं कुळागर आहे. वर पोफळी, माड, मिरी, केळी. खाली मळ्यात सरद (पावसाळी) भात, पाणी टिकलं तर वायंगण म्हणजे पावसानंतरचं भातही. रानडुकरांनी गेले काही हंगाम नकोसे केलेत. भात खातात ते खातात, वर बांध उकरून ठेवतात, मग सगळं पाणी निघून जातं. सुरण आणि काटेकणगीसारखे कंद लावणं तर आम्ही सोडूनच दिलं. केलडी म्हणजे माकडंही आहेत, पण ती दिवसा येतात, ओरडून हाकलता येतात. डुकरांसाठी रात्रभर माचाळीवर कोण बसणार? घरात तरुण म्हणावा असा मी एकटाच.

मोठ्या काकांच्या नावावर ठासणीची बंदूक आहे, परवान्यावर स्पष्ट 'पीक संरक्षण' लिहिलंय. दर निवडणुकीला ती पोलिसांत जमा करून परत आणतो. काका म्हणतात, परवाना पिकाच्या रक्षणासाठीच दिलाय, मग पिकात शिरलेलं डुक्कर मारायला आणखी कुणाला विचारायचं? मला ते पटत नाही. खरं काय आहे?

दुसरं म्हणजे मांसाचं. आतेभाऊ टेक्सासमध्ये असतो. तो सांगतो की तिकडे डुक्कर मारून तिथेच टाकलं तरी कुणी विचारत नाही, पण अलास्कात मूस (मोठं हरीण) मारून मांस रानात कुजवलं तर तुरुंग होतो. आपल्याकडे म्हणे परवानगी घेऊन मारलं तरी पुरून टाकावं लागतं. हे खरं असेल तर माझ्या डोक्यात काही शिरत नाही. जाणकारांनी कलमासकट सांगावं. "फास लाव आणि गप्प राहा" हा सल्ला गावात फुकट मिळतो, तो इथे नको.

साखळीकर वकील:
काकांना आधी थांबवा. बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्याखाली असतो. तो बंदूक बाळगायला परवानगी देतो, जनावर मारायला नाही. शिकारीवर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने बंदी आहे. 'शिकार' या शब्दात काय काय येतं तेही बघा: विष घालणं, फास लावणं, सापळा, आमिष, हाकारा, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्नसुद्धा. फास रिकामा राहिला म्हणून सुटका नाही.

वाट आहे ती कलम ११ ची. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. या अनुसूचीतलं जनावर माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेशाने ते मारायची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक येतं, असं कायद्यातच लिहिलंय. गवा आणि मोर अनुसूची १ मध्ये. त्यांच्यासाठी 'पीक खाल्लं' एवढं कारण पुरत नाही. अनुसूची १ चा गुन्हा म्हणजे किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. डुकराच्या बाबतीतही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. अभयारण्यात किंवा हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकधारकाने आपलं नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवायचं असतं (कलम ३४). काकांची नोंद झालीय का ते पाहा. परवाना जुना असेल तर बहुधा पाहिलेलंच नसेल.

मळेकार:
नोंदीचं काकांना विचारलं तर ते उठून गोठ्यात गेले. यातून काय समजायचं ते समजलो. पण मांसाचं राहिलं वकीलसाहेब.

साखळीकर वकील:
कलम ३९. परवानगीने मारलेलं, मेलेलं सापडलेलं, चुकून मारलं गेलेलं, सगळं सरकारी मालमत्ता, मांससुद्धा. रस्त्यावर गाडीखाली आलेलं डुक्करही त्यातच. ताब्यात आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं. ते शिजवून खाणं म्हणजे सरकारी वस्तू नष्ट करणं. केरळात २०२२ पासून पंचायत प्रमुखांना परवानाधारक नेमबाजांकडून डुकरं मारवून घ्यायचे अधिकार दिले, तिथेही मांस खाता येत नाही, पुरतात.

अपवाद एकच: केंद्राने कलम ६२ खाली ते जनावर ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरतं 'उपद्रवी' जाहीर केलं तर. मग कलम ३९ लागत नाही. २०१५-१६ मध्ये बिहारला नीलगाय आणि रानडुकरांसाठी, उत्तराखंडला रानडुकरांसाठी तशी अधिसूचना मिळाली होती. त्यातच बिहारमधल्या मोकामाला नीलगायी मारल्या गेल्या आणि दोन केंद्रीय मंत्र्यांतच जुंपली. त्याच वर्षी आपल्याकडे तर मोराला उपद्रवी ठरवायची भाषा झाली होती, आठवत असेल.

रानवाट:
आतेभावाचं म्हणणं बरोबर आहे, पण तुलना जुळत नाही. अलास्कात मूस, कॅरिबू हे खाण्यासाठी मारायचे प्राणी, म्हणून मान, बरगड्या, पाय असं कुठलं मांस आणायचंच ते नियमात लिहिलंय; टाकून दिलं तर किमान सात दिवस कैद आणि अडीच हजार डॉलर दंड. लांडग्याला मात्र हा नियम नाही, त्याचं कातडं नेलं की झालं. म्हणजे 'नकोशा' जनावराचा जीव तिथेही स्वस्तच. टेक्सासची डुकरं मुळात युरोपातून आणलेली, सुटून रानटी झालेली. त्यांना हेलिकॉप्टरमधूनही मारतात. आपलं रानडुक्कर इथलंच, बिबट्या आणि वाघ त्याच्यावर जगतात.

आणि मांस खायला मोकळीक दिली की पिकाचं निमित्त करून बाजार सुरू होतो. पुरायला लावतात ते यासाठी. मला हा नियम आवडत नाही, पण त्याच्याशिवाय काय होईल ते आपण सगळे जाणतो.

विषाच्या तर वाटेला जाऊ नका. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे गेले ते विषानेच. विष घातलेलं मांस कोण खाईल हे आपल्या हातात नसतं.

काणकोणचा नाना:
कायदा राहू दे बाजूला, बाळा, रानडुकरांना अर्ज वाचता येत नाही. आमच्याकडे सौर कुंपण घातलं, कृषी खात्याचं अनुदान मिळतं. तारा खाली ठेव, जमिनीपासून वीतभर, नाहीतर डुक्कर खालून शिरतं. आणि खालचं गवत कापत राहा. पावसात गवत तारेला टेकलं की झटका उतरतो आणि मग शेतकरी कुंपणाला शिव्या देतो. घरच्या विजेची तार मात्र कधी जोडू नको. माणसं मेली आहेत.

मळेकार:
नाना, कुंपणाचा विचार चालूच आहे. अडचण अशी की एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्याकडचा सातबारा) अजून आजोबांचं आणि दोन कुळांचं नाव, माझं नाहीच. अशा जमिनीवर कृषी कार्ड आणि अनुदान कुणी मिळवलंय का? कलम ११ चा अर्जही कुणाच्या नावाने करायचा?

साखळीकर वकील:
अनुदानाचं विभागीय कृषी कार्यालयात विचारा, सहहिस्सेदारांची ना हरकत घेऊन जा. कलम ११ च्या आदेशात 'कोणत्याही व्यक्तीला' असं आहे, मालकाची अट नाही. नुकसानीचे तारखेसह फोटो, पंचनामा आणि सर्व्हे नंबर जोडा. तो नंबर अभयारण्याच्या आत येतो का ते आधी बघा. आत असेल तर कलम २९ येतं (अभयारण्यातल्या वन्यजीवांना हात लावायची बंदी), आणि मग परवानगीची आशा धरू नका.