मदत हवी आहे: थंडीत गव्हाणीतली नाचणी उगवत नाही

नमस्कार मंडळी. आजऱ्याजवळच्या वाडीत आमची मोजकीच कॅथलिक घरं. नाताळच्या गव्हाणीभोवती, म्हणजे बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्याभोवती, आम्ही नाचणीची हिरवळ करतो. गेल्या वर्षी १४ डिसेंबरला ताटात शेणखत-माती पसरून पेरली, पण २४ तारखेच्या मिस्सेपर्यंत (चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत) कोंब जेमतेम नखाएवढे, तेही पिवळट. पहाटे धुकं इतकं की अंगणातलं ताट ओलंचिंब व्हायचं. आजी नाचणी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, फडक्यात बांधून चुलीपाशी ठेवायची. आता घरात गॅस आहे, ती ऊब नाही. किती दिवस आधी पेरावी? ताट झाकावं का? पोरं आत्तापासूनच विचारताहेत, यंदा बाळ येशूला हिरवळ हवीच. गडहिंग्लज-चंदगडकडच्यांनी जरूर सांगा.